फोन, टॅबलेट आणि संगणकावरचे फोटो नीट लावणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

### सुरुवात कुठून करायची?

फोटोंना हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: मूळ साठा कुठे राहणार? मूळ साठा म्हणजे ती एकच जागा, जिथे प्रत्येक फोटो पूर्ण आकारात असतोच असतो. बाकी सगळीकडे असतात त्या नकला. हे ठरवले नसेल तर पुढची कोणतीही आवराआवर टिकत नाही. सहा महिन्यांत पुन्हा तोच पसारा होतो.

फोन हा मूळ साठा होऊ शकत नाही. तो पडतो, हरवतो आणि काही वर्षांनी बदलला जातो. मग उरतात दोन पर्याय. पहिला, संगणकातील किंवा त्याला जोडलेल्या डिस्कवरील एक फोल्डर. संगणक नियमित वापरात असेल तर हाच बरा. दुसरा, गूगल फोटोज किंवा आयक्लाउडसारखी सेवा. संगणक महिनोन्महिने उघडलाच जात नसेल तर हा पर्याय प्रामाणिकपणे निवडावा, मात्र वर्षातून एकदा तरी सगळे उतरवून घ्यावे. सगळ्यात वाईट म्हणजे मधला मार्ग: जुने फोटो डिस्कवर, नवे क्लाउडवर, आणि मधली दोन वर्षे कुठे आहेत हे कुणालाच माहीत नाही.

### किती जागा लागेल?

१२ मेगापिक्सेलचा जेपेग फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. सरासरी ४ एमबी धरली तर २०,००० फोटोंना ८० जीबी लागतात. म्हणजे फोटो फारसे जड नाहीत, जड आहेत ते व्हिडिओ. आयफोनवर सेकंदाला ३० फ्रेमचा फोर-के व्हिडिओ एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) वापरून मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो. ६० फ्रेम केल्यास हाच आकडा ४०० एमबीपर्यंत जातो. दहा मिनिटांचा असा एक व्हिडिओ हजार फोटोंची जागा खातो. त्यामुळे जागा मोकळी करायची असेल तर आधी आकारानुसार क्रम लावून सर्वांत मोठे पन्नास व्हिडिओ पाहा. धूसर फोटो एकेक करून वेचण्यात संध्याकाळ जाते आणि जागा फारशी सुटत नाही.

### फोल्डर कसे रचावेत?

वर्षाचा एक फोल्डर आणि त्यात तारीख व प्रसंग असलेले फोल्डर, उदाहरणार्थ '२०२३' या फोल्डरात '२०२३-०५-१४ डोंगरावरची सहल'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असे लिहिले की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात. एकअंकी महिन्यापुढे शून्य विसरू नका, नाहीतर काही प्रोग्राममध्ये १० वा महिना दुसऱ्याच्या आधी येतो.

ज्या फोटोंना प्रसंग असा नाहीच, त्यांच्यासाठी दर महिन्याचा एक 'इतर' फोल्डर पुरे. 'कुटुंब', 'निसर्ग', 'प्रवास' असे विषयवार फोल्डर मात्र टाळा. प्रवासात काढलेला कुटुंबाचा फोटो कुठे ठेवायचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, आणि त्याचे उत्तर दर वेळी वेगळे दिले जाते. विषयासाठी अल्बम आणि टॅग (फोटोला जोडलेले शोधशब्द) आहेत.

### फोल्डरची नावे मराठीत ठेवली तर चालतात का?

चालतात. आजच्या सगळ्या प्रणालींना देवनागरी नावे समजतात. तीन ठिकाणी मात्र ठेच लागते.

पहिले, अंक. येथे मराठी अंक छापले असले तरी फोल्डरच्या नावात तारीख इंग्रजी अंकांत टाका. कॅमेरे आणि फोन इंग्रजी अंकच लिहितात. दोन्ही मिसळले की यादीचे दोन वेगळे गट पडतात. दुसरे, जुन्या प्रोग्रामने बनवलेली झिप फाइल. ती दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर देवनागरी नावांचा चक्काचूर झालेला दिसू शकतो. तिसरे सहसा लक्षातच येत नाही: 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते, एकसंध चिन्ह म्हणून किंवा 'र' अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला फरक दिसत नाही, पण मॅक आणि विंडोज यांच्यात सिंक करणाऱ्या प्रोग्रामला तो दिसू शकतो. मग 'पायऱ्या' नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी उभे राहतात आणि फोटो दोघांत वाटले जातात. असे जुळे फोल्डर दिसले तर त्यांतला एक रिकामा करा आणि उरलेल्याला 'ऱ' नसलेले नाव द्या.

### फाइलची नावेही बदलावीत का?

एकाच कॅमेऱ्याचे फोटो असतील तर गरज नाही. दोन-तीन उपकरणांचे फोटो एकत्र येणार असतील तर बदला. कॅमेऱ्याचा क्रमांक बहुधा चार अंकी असतो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. फोन आणि टॅबलेट एकाच कंपनीचे असतील तर दोघांकडेही '००२३' क्रमांकाचा फोटो असू शकतो. कॉपी करताना संगणक विचारतो, 'आधीची फाइल बदलू का?' घाईत 'हो' म्हटले की एक फोटो कायमचा गेला.

नवे नाव फोटो काढल्याच्या तारखेचे आणि वेळेचे असावे, शेवटी मूळ क्रमांक ठेवावा: '२०२३-०५-१४_१७३२०५_००२३'. एकाच सेकंदात काढलेले दोन फोटो क्रमांकामुळे वेगळे राहतात. हे काम हाताने करू नका. डिजिकॅम किंवा एक्झिफटूल ही मोफत साधने हजारो फाइलींची नावे एका दमात बदलतात.

एक सावधगिरी. आयफोनचा लाइव्ह फोटो म्हणजे प्रत्यक्षात दोन फाइली असतात, एक चित्र आणि त्याच नावाचा छोटा व्हिडिओ. फोनवर केलेल्या बदलांची एएई नावाची चिमुकली फाइलही सोबत येते. या जोड्या नावावरूनच जुळतात. एकाचे नाव बदलले आणि दुसऱ्याचे राहिले की जोडी तुटते.

### अँड्रॉइड फोन संगणकाला जोडला, पण फोल्डर रिकामा दिसतो. का?

बहुतेक वेळा फोन कुलूपबंद असतो, किंवा यूएसबी जोडणी फक्त चार्जिंगवर असते. फोन उघडा, वरची सूचना खाली ओढा आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडा. फोटो 'डीसीआयएम' या फोल्डरात असतात. स्क्रीनशॉट बऱ्याच फोनवर 'पिक्चर्स'मध्ये जातात. तरीही काही दिसत नसेल तर केबल बदलून पाहा, कारण काही केबल फक्त वीज वाहतात. मॅकला अँड्रॉइडची ही जोडणी मुळात समजत नाही, तिथे वेगळा प्रोग्राम घालावा लागतो.

फाइली 'हलवू' नका, कॉपी करा. दोन्हीकडची संख्या आणि एकूण आकार जुळवा, दोन-तीन मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहा, आणि मगच फोनवरून काढा.

### आयफोनमधून विंडोजवर कॉपी करताना मध्येच 'उपकरण काम करत नाही' असा संदेश येतो.

केबल खराब नसेल तर कारण असे: आयफोन फोटो पाठवताना ते जेपेगमध्ये बदलत असतो आणि या ओझ्याने जोडणी तुटते. सेटिंगमध्ये फोटोज विभागात सर्वांत खाली 'मॅक किंवा पीसीकडे पाठवा' असा भाग आहे. तिथे 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'मूळ फाइली ठेवा' हा पर्याय निवडा. कॉपीही वेगाने होते आणि फाइलही जशीच्या तशी येते.

फोटो फोनवर दिसतात पण संगणकाला कमी सापडतात, ही तक्रार वेगळी. 'आयफोन स्टोरेज ऑप्टिमाइझ करा' सुरू असेल तर फोनवर बऱ्याच फोटोंची फक्त लहान प्रतिमा असते. मूळ फाइल आयक्लाउडवर. केबलने ती येणार नाही. आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून किंवा संगणकावरच्या आयक्लाउड प्रोग्राममधून उतरवा.

### एचईआयसी फोटो जेपेगमध्ये बदलून ठेवावेत का?

नको. आयफोनवर २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत फोटो साठवण्याचा हा प्रकार आला. त्याच दर्जाचा फोटो जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. बदलताना दर्जा थोडा उतरतो आणि फाइल फुगते. विंडोजवर उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ आणि एचईव्हीसी ही दोन एक्स्टेन्शने घाला. कुणाला पाठवायचा असेल तेवढाच फोटो बदला.

### तारखा चुकीच्या का दिसतात? २०१६ चे फोटो आजच्या तारखेला का आले?

कारण एका फोटोला अनेक तारखा असतात आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या सोयीची दाखवतो.

खरी तारीख फोटोच्या आत, एक्झिफ नावाच्या माहितीत असते. ती कॅमेरा लिहितो आणि कॉपी केल्याने ती बदलत नाही. फाइलची निर्मिती तारीख ही वेगळी गोष्ट आहे. विंडोजमध्ये कॉपी केलेल्या फाइलची निर्मिती तारीख म्हणजे कॉपी केल्याचा क्षण. म्हणून विंडोजमध्ये यादी लावताना 'तारीख' या रकान्यावर विसंबू नका, 'फोटो काढल्याची तारीख' हा रकाना उघडून घ्या. तो रिकामा असेल तर एक्झिफ नाही असे समजा. स्क्रीनशॉट, मेसेजिंग ॲपवरून आलेले फोटो आणि काही एडिटरमधून बाहेर काढलेल्या प्रती यांत तो रिकामा असू शकतो.

ज्यांच्या नावातच तारीख आहे त्यांची दुरुस्ती सोपी आहे. डिजिकॅममधील वेळ-दुरुस्तीचे साधन आणि एक्झिफटूल, दोघेही नावातली तारीख वाचून एक्झिफमध्ये लिहू शकतात. कॅमेऱ्याचे घड्याळच चुकले असेल तर एखादा असा फोटो शोधा ज्याची खरी वेळ माहीत आहे, फरक काढा आणि त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंना तेवढाच फरक लावा. प्रत्येक फोटोला स्वतंत्र तारीख देत बसू नका, आपसातला क्रम बिघडतो.

व्हिडिओंचा घोळ निराळाच. फोटोत स्थानिक वेळ लिहिली जाते. फोनच्या व्हिडिओत मात्र बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. काही प्रोग्राम ती स्थानिक वेळेत बदलतात, काही नाही. त्यामुळे एकाच कार्यक्रमातले फोटो आणि व्हिडिओ काही तासांनी दूर पडतात, आणि मध्यरात्रीच्या आसपासचे व्हिडिओ वेगळ्याच दिवसाच्या फोल्डरात जातात. हा दोष व्हिडिओचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. व्हिडिओची वेळ हाताने बदलण्याआधी तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा.

### व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचे काय करावे?

आधी त्यांना वेगळे ठेवा. हे फोटो लहान केलेले असतात आणि त्यांतील एक्झिफ काढून टाकलेले असते. अँड्रॉइडवर नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नव्हे, पाठवल्या-मिळाल्याची असते. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तर आजचीच तारीख घेऊन येतो. म्हणून यांना वर्षवार फोल्डरांत सरसकट ओतू नका. जपण्याजोगे निवडा, बाकीचे जाऊ द्या.

महत्त्वाचा फोटो हवा असेल तर पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असे सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. एचडी पर्यायाने फोटो मोठा येतो, पण तोही मूळ नव्हे. आणि 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की गॅलरीत फॉरवर्डचा पूर येणे थांबते.

### एकाच फोटोच्या अनेक प्रती झाल्या आहेत. कशा काढायच्या?

दोन प्रकार आहेत आणि ते एकत्र हाताळू नयेत. पहिला, हुबेहूब प्रती: फाइलचा प्रत्येक बाइट सारखा. नाव वेगळे असले तरी डुपगुरु किंवा चकावका यांसारखी मोफत साधने त्या अचूक पकडतात, आणि त्यांतली एक सोडून बाकी निर्धास्त काढता येतात. दुसरा, सारखे दिसणारे फोटो: लहान केलेली प्रत, कातरलेली प्रत, किंवा लागोपाठ काढलेले चार फोटो. इथे प्रोग्राम फक्त संशय घेऊ शकतो. आपोआप निवड कधीही करू देऊ नका. लागोपाठच्या चारांपैकी एकातच सगळ्यांचे डोळे उघडे असतात, हे त्याला कळत नाही. ठेवायची प्रत म्हणजे जास्त पिक्सेलची आणि एक्झिफ शाबूत असलेली.

क्रम महत्त्वाचा आहे. हुबेहूब प्रती आधी काढा, तारखा आणि टॅग नंतर दुरुस्त करा. एका प्रतीत टॅग लिहिला की तिचे बाइट बदलतात, आणि मग ती दुसरीची हुबेहूब प्रत राहत नाही. साधन तिला ओळखत नाही. नुसते नाव बदलल्याने हा त्रास होत नाही.

### क्लाउडवर सिंक सुरू आहे. म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. इतके फोटो गमावले जातात ते याच समजुतीमुळे. सिंकचे काम सगळी उपकरणे सारखी ठेवणे हे आहे. टॅबलेटवर जागा करण्यासाठी फोटो पुसला, तर सिंक तो फोनवरूनही इमानाने पुसते. आयक्लाउड फोटोज असेच चालते. 'अलीकडे पुसलेले'मध्ये तो ३० दिवस राहतो, कधी ४० पर्यंत. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. त्यानंतर परत मिळण्याची आशा धरू नका.

गूगल फोटोजमधला 'जागा मोकळी करा' हा पर्याय वेगळा आहे: तो फक्त फोनवरची प्रत काढतो, क्लाउडवरची ठेवतो. पण बॅकअप 'स्टोरेज सेव्हर' दर्जावर असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान झालेले असतात आणि १०८० पिक्सेलवरचे व्हिडिओही. अशा वेळी 'जागा मोकळी करा' दाबले की मूळ प्रत जगातून नाहीशी झाली. आधी दर्जा तपासा, मग बटण दाबा.

### मग बॅकअप कसा घ्यावा?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. मूळ साठा संगणकावर, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. डिस्क कायम जोडून ठेवू नका; फाइली ओलीस ठेवणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. मॅक आणि विंडोज दोन्हींवर वापरायची असेल तर ती एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लांब व्हिडिओ तिथेच अडतो. पेनड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी योग्य नाहीत.

वर्षातून दोनदा बॅकअपमधून एखादा फोल्डर दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

### सगळे फोटो टॅबलेटवरही हवेत का?

सहसा नाही. टॅबलेट पाहण्यासाठी आहे. निवडक अल्बममधील फोटोंची, लांब बाजू २०४८ पिक्सेल केलेली प्रत तिथे पुरते. एक फोटो अर्ध्या-एक एमबीत बसतो आणि पडद्यावर फरक क्वचितच कळतो. ॲपलच्या शेअर्ड अल्बममध्येही फोटो याच मापाला आणले जातात. म्हणूनच शेअर्ड अल्बममधून उतरवलेला फोटो मूळ साठ्यात टाकू नये.

### गूगल फोटोजमधून सगळे बाहेर काढायचे आहे.

टेकआउट ही खात्यातली माहिती उतरवून देणारी गूगलची सोय वापरा. तुकड्यांचा आकार मोठा निवडा, ५० जीबीपर्यंत मिळतो. २ जीबीचे साठ तुकडे जोडणे म्हणजे शिक्षा. दुवा साधारण आठवडाभर चालतो, तेव्हा तयार झाल्याची सूचना येताच उतरवून घ्या. सगळे तुकडे एकाच फोल्डरात उघडा, कारण फोटो एका तुकड्यात आणि त्याची जेसन फाइल (फोटोची माहिती असलेली छोटी मजकूर-फाइल) दुसऱ्यात असू शकते. ॲपमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख, वर्णन आणि ठिकाण त्या जेसनमध्ये असते, फोटोत नाही. जेसन फाइली कचरा समजून पुसल्या की ती मेहनत गेली. एक्झिफटूलने ही माहिती फोटोत उतरवता येते. अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरातही येतो, त्यामुळे हुबेहूब प्रती काढण्याचे काम इथे पुन्हा करावे लागेल. उतरवलेले सगळे तपासून होईपर्यंत खात्यातून काहीही पुसू नका.

### टॅग आणि चेहरे यांवर वेळ घालवावा का?

टॅग फाइलच्या आत लिहिले जात असतील तर जरूर. डिजिकॅममध्ये मेटाडेटा (टॅग, तारीख यांसारखी माहिती) फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय सेटिंगमध्ये सुरू करावा लागतो. ॲपमधले अल्बम आणि ओळखलेले चेहरे बहुधा त्या ॲपच्याच यादीत राहतात. ॲप सोडले की ते मागे राहतात. गूगलचा पिकासा हा फोटो-प्रोग्राम २०१६ मध्ये बंद झाला तेव्हा अनेकांना हेच कळले. एखादे नाव, एखादा प्रसंग आणि उत्कृष्ट फोटोंना तारे, इतकेच टॅग पुरतात. वीस प्रकारचे टॅग ठरवणारे तिसऱ्या महिन्यात थांबतात.

### जुन्या छापील फोटोंच्या स्कॅनला कोणती तारीख द्यावी?

स्कॅनर स्कॅन केल्याची तारीख लिहितो, ती बदला. फक्त वर्ष माहीत असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी द्या आणि 'अंदाजे' असा टॅग लावा. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ३०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) चालते, लहान फोटो किंवा मोठी प्रत छापायची असेल तर ६००. फोटोच्या मागे लिहिलेले काही असेल तर मागची बाजूही स्कॅन करून त्याच नावाला 'मागे' जोडून शेजारी ठेवा.

### हे काम किती वेळाने करावे?

महिन्यातून एकदा, अर्धा तास. फोन आणि टॅबलेटवरचे नवे फोटो मूळ साठ्यातील 'आलेले' नावाच्या फोल्डरात कॉपी करा, हुबेहूब प्रती काढा, नावे बदला, फोल्डरांत लावा, डिस्क जोडून बॅकअप घ्या आणि मग उपकरणे रिकामी करा. 'आलेले' फोल्डर रिकामा झाला की महिन्याचे काम संपले. वर्षे तुंबलेली असतील तर नव्या महिन्यापासून ही पद्धत सुरू करा आणि जुने एकेक वर्ष मागे जात उरका. २००९ पासून सुरुवात केली तर चालू महिन्याचा ढीग पुन्हा वाढत राहतो.